जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास

सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा भरल्या. त्या भरवणारे नारायण मेघाजी लोखंडे तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. जन्म ठाण्याचा, मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण ठाण्यातच, मग रेल्वेत आणि टपाल खात्यात काही काळ नोकरी, आणि पुढे मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर. गिरणीचा कारभार त्यांनी आतून पाहिला होता आणि जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीत कष्टकऱ्यांची बाजू मांडायचे बळ मिळवले होते. ‘दीनबंधु’चे संपादक असलेले लोखंडे भाषणांवर थांबले नाहीत. सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवण्यासाठी एक निवेदन तयार झाले आणि त्यावर पाच हजारांहून अधिक कामगारांनी सह्या केल्या.

मागण्या मोजक्या होत्या. रविवारी सुट्टी. सकाळी साडेसहाला काम सुरू आणि सूर्यास्ताला बंद. दुपारी अर्धा तास विश्रांती. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात. आणि कामावर गंभीर इजा होऊन माणूस घरी बसला तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार. जन्माचा जायबंदी झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय. दुपारचा अर्धा तास आणि अपघाताची भरपाई या दोन्ही मागण्या अशा एकाच कागदावर आल्या. सरकारने पुढे दोन्ही गोष्टी दिल्या, पण वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या कायद्यांत. सुट्टी १८९१ साली, भरपाई १९२३ साली. या दोहोंच्या मध्ये एक फट राहून गेली: त्या सुट्टीच्या अर्ध्या तासातच कामगाराला इजा झाली तर जबाबदार कोण? ही फट बुजवायचे काम कोर्टांत शंभर वर्षे चालू आहे. या खटल्यांची नावे नुसती वाचत गेले तरी जीव हलतो. भागूबाई, यमुनाबाई, लक्ष्मीबाई, ॲग्नेस, लीलाबाई, दैवशाला. कामगाराचे नाव शीर्षकात नाही, कारण तो उरलेला नाही. मागे राहिलेल्या बाईचे नाव आहे.

लोखंड्यांची मागणी त्या काळाच्या किती पुढे होती हे पाहायला जगाकडे नजर टाकावी लागते. त्याच १८८४ च्या जुलैमध्ये बिस्मार्कच्या जर्मनीने कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा केला. जगातला तो पहिला. इंग्लंडमध्ये तोवर १८३७ च्या एका निकालाचे भूत मानगुटीवर होते. एका खाटकाचा नोकर मांसाची गाडी मोडून जखमी झाला होता आणि कोर्टाने मालकाला मोकळे सोडले होते. त्या खटल्यातून पुढे असा नियम रुजला की सोबतच्या कामगाराच्या चुकीने इजा झाली तर मालक जबाबदार नाही. गिरणीत तर प्रत्येक अपघाताच्या मागे कोणा ना कोणा सोबत्याचा हात दाखवता येतो. हिंदुस्थानात १८५५ चा जीवघेण्या अपघातांचा कायदा होता, पण त्याखाली मालकाची चूक सिद्ध करावी लागे, आणि महिना संपायच्या आत पैसे संपणाऱ्या कुटुंबाने ती कशी सिद्ध करायची? परळच्या निवेदनात चूक कोणाची हा प्रश्नच नाही. इजा झाली, पगार द्या, एवढेच. चुकीशिवायची जबाबदारी हे तत्त्व इंग्लंडच्या पार्लमेंटने ऑगस्ट १८९७ मध्ये स्वीकारले. लोखंडे त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मुंबईच्या प्लेगमध्ये गेले होते.

दुपारच्या सुट्टीची गोष्ट आधी पुरी करायला हवी. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने विश्रांतीचा तास दिला तो फक्त मुलांना, आणि मूल म्हणजे सात ते बारा वर्षांचे. मोठ्यांना काहीच नाही. तेव्हाच्या गिरणीत एका वाफेच्या इंजिनावर छताखालचा लांब दांडा फिरे आणि त्यावरून पट्टे उतरून प्रत्येक यंत्राला गती देत. इंजिन चालू तोवर सगळे चालू. भाकरी खायची तर फिरत्या यंत्राच्या शेजारी, एक डोळा धाग्यावर ठेवून. म्हणून सुट्टीची मागणी म्हणजे इंजिन थांबवण्याची मागणी होती. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीला दहा हजार कामगार जमले, दोन बायका व्यासपीठावरून बोलल्या, आणि जूनमध्ये रविवारची सुट्टी गिरणी मालकांनी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान अर्धा तास काम बंद ठेवणे बंधनकारक केले.

इंजिन थांबले, पण माणूस गिरणीच्या आवारातच राहिला. यंत्राचा धोका अर्ध्या तासापुरता टळला. जिने, भिंती, तापलेल्या टाक्या आणि आवारातले रूळ होते तिथेच होते.

इंग्लंडात हा प्रश्न लगेच कोर्टात गेला, कारण १८९७ च्या कायद्याने भरपाईला दोन कसोट्या लावल्या होत्या. अपघात कामाच्या ओघात घडलेला हवा आणि तो कामामुळे उद्भवलेला हवा. जेवत बसलेला माणूस कामाच्या ओघात असतो का? १९०४ साली एका गवंड्याचा खटला झाला. जेवणाच्या तासाचे पैसे त्याला मिळत नव्हते. तो बांधकामाच्या जागीच जेवायला बसला आणि भिंत अंगावर कोसळली. कोर्टाने भरपाई दिली. मजुरी थांबली म्हणून नोकरीचे नाते तुटत नाही, आणि मालकाने ज्या जागी बसू दिले त्या जागेचा धोका मालकाचाच. पण १९०९ साली दुसरा कामगार न्याहारीला गरम पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला आणि आत पडला, त्याला नकार मिळाला. बसायची ती जागाच नव्हती, धोका त्याने स्वतः ओढवून घेतला, असे कोर्ट म्हणाले. दोन्ही माणसे जेवतच होती. फरक पडला तो बसायच्या जागेने. जागेचा हा प्रश्न पुढे ठाण्या-डोंबिवलीपर्यंत येऊन पोचतो.

या दोन कसोट्या हिंदुस्थानच्या १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात जशाच्या तशा उतरल्या. कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला. प्रौढ कामगार मेला तर तीस महिन्यांचा पगार किंवा अडीच हजार रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम. मूल मेले तर दोनशे रुपये. दोनशे रुपयांचा तो आकडा कायद्याच्या पुस्तकात छापलेला आहे. मालकाची चूक सिद्ध करायची गरज मात्र संपली, आणि दिवाणी कोर्टाऐवजी खास नेमलेल्या आयुक्तापुढे दावा नेता येऊ लागला. परळच्या निवेदनातली शेवटची मागणी चाळीस वर्षांनी पुरी झाली, अर्धीमुर्धी का होईना.

स्वातंत्र्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते महंमद करीम छागला. कामगारांच्या विधवांचे दावे त्यांच्यापुढे आले आणि कसोट्या हळूहळू माणसाळत गेल्या. पोर्ट ट्रस्टच्या वर्कशॉपात कोणा अज्ञाताने ठेवलेला बॉम्ब फुटून एक कामगार मेला. बॉम्बचा त्याच्या कामाशी संबंध काय, असा ट्रस्टचा सवाल. छागलांचे उत्तर सरळ होते: नोकरीमुळे तो त्या जागी होता आणि त्या जागेनेच त्याचा घात केला. हा १९५२ चा यमुनाबाईंचा निकाल. दोन वर्षांनी लक्ष्मीबाईंचा. पहाऱ्यावर असताना पोर्ट ट्रस्टचा पहारेकरी हृदयविकाराने गेला होता. आजार जुना असला तरी कामाच्या ताणाने तो बळावला असेल तर भरपाई द्यावी लागेल, असे ठरले.

भागूबाईंचा खटला ठाणे-कल्याणच्या लोकांना जवळचा वाटेल, कारण तो त्यांच्याच रेल्वेमार्गावर घडला. मध्य रेल्वेचा एक कामगार कुर्ला स्थानकालगतच्या रेल्वे चाळीत राहत होता. घरातून स्थानकात यायला त्याला एकच वाट होती, रेल्वेच्या वसाहतीच्या आवारातून. डिसेंबर १९५२ मधल्या एका रात्री बाराच्या पाळीला जायला तो काही मिनिटे आधी निघाला आणि त्याच आवारात कोणीतरी त्याला भोसकले. हजेरी लागली नव्हती, पाळी सुरू झाली नव्हती, मारेकरी कोण आणि का हेही कळले नाही. रेल्वेचे म्हणणे, हा खून आहे, अपघात नव्हे, आणि कामाशी त्याचा संबंध नाही. छागलांनी उलट बाजूने विचार केला. त्या वेळी त्या जागी तो का होता? नोकरीवर जायचे होते म्हणून, आणि दुसरी वाटच नव्हती म्हणून. एवढे सिद्ध झाले की धोका कोणत्या रूपाने आला हे कामगाराच्या बायकोने सिद्ध करायची गरज नाही.

कंपनीच्या वसाहतीत राहणाऱ्यांसाठी हा निकाल केवढा मोठा होता हे मोहने आणि शहाडच्या जुन्या माणसांना सांगावे लागणार नाही. आंबिवलीजवळ मोहन्यात नॅशनल रेयॉन, शहाडला सेंच्युरी रेयॉन, दोन्हीकडे कारखान्याला लागून कामगारांच्या वसाहती. भोंगा वाजला की जेवायला घरी आणि पुन्हा भोंग्याला फाटकात, असा तिथला शिरस्ता. घर कंपनीचे, रस्ता कंपनीचा, वाट एकच. तिथे सुट्टी कुठे संपते आणि नोकरी कुठे सुरू होते याची रेघ मारणे अवघड आहे, आणि ती कामगाराच्या विरोधात तर मुळीच मारता येऊ नये.

सर्वोच्च न्यायालयाने ही रेघ थोडी पुढे-मागे केली. पोरबंदरजवळच्या मिठागरावरून घरी परतणारे कामगार १९५२ च्या जूनमध्ये खाडीत होडी उलटून बुडाले. १९५८ साली न्यायालयाने तत्त्व मान्य केले की नोकरीची हद्द फाटकाच्या थोडी अलीकडे-पलीकडे कल्पनेने वाढवता येते, पण सार्वजनिक होडीपर्यंत ती नेली नाही. मिठागराच्या कामगारांना भरपाई नाकारली गेली. १९६३ साली मात्र मुंबईच्याच एका खटल्यात ती हद्द शहरभर पसरली. बेस्टचा एक चालक दिवसाची बस जोगेश्वरी डेपोत लावून, बेस्टच्याच दुसऱ्या बसने सांताक्रूझला घरी निघाला होता. ती बस उभ्या लॉरीवर आदळली. गणवेशातल्या चालकाला बसमधून फुकट नेले जाई ते केवळ सवलत म्हणून नव्हे. एवढ्या मोठ्या शहरात बसगाड्या वेळेवर धावायच्या तर चालक वेळेवर पोचलाच पाहिजे, म्हणून. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी बहुमताच्या निकालात त्याच्या विधवेचा हक्क मान्य केला. हाच तो ॲग्नेस खटला.

उलटी बाजूही सांगितली पाहिजे. डिसेंबर १९६१ मध्ये ‘द्वारका’ जहाजावरचा एक खलाशी प्रवासात बेपत्ता झाला. खलाशाची पाळी, झोप आणि सुट्टी सगळी जहाजावरच. तरीही १९६९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने भरपाई दिली नाही. जहाजावर होता एवढे पुरेसे नाही, मृत्यू कामाशी जोडणारा काहीतरी पुरावा हवा, आणि तो दाव्यामागच्या माणसानेच आणायचा. समुद्रात गेलेल्या मुलाच्या बापाने कसला पुरावा आणायचा हा प्रश्न आजही सलतो.

या सगळ्या काळात ठाणे बदलत होते. रेमंडची लोकरीची गिरणी १९२५ पासूनची. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि वागळे इस्टेट ही त्याची पहिलीवहिली वसाहत ठरली. पाठोपाठ डोंबिवलीत रसायनांचे, रंगांचे, कापड रंगवण्याचे कारखाने आले. पोखरण रोडवर मोठ्या कंपन्या होत्या, त्यांची कँटीन होती, डबा उघडायला पंखे लावलेली मोठी दालने होती. वागळेच्या आतल्या रस्त्यांवर मात्र छोटे गाळे: दोन-चार लेथ, एखादा प्रेस, वीस-तीस माणसे.

मोठ्या आणि छोट्या कारखान्यांतला हा फरक अपघाताच्या जबाबदारीपर्यंत पोचतो. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घ्यायला बंदी केली आणि मध्ये किमान अर्धा तास सुट्टी सक्तीची केली. ती सर्व कारखान्यांना. पण कँटीनची सक्ती अडीचशेपेक्षा जास्त कामगार असतील तरच, आणि जेवणाच्या खोलीची दीडशेपेक्षा जास्त असतील तरच. विषारी पदार्थ हाताळणाऱ्या खात्यांत तर खाणे-पिणे नियमांनीच बंद, आणि ते योग्यच आहे. आता तीस माणसांच्या गाळ्यातल्या कामगाराने अर्ध्या तासाचे काय करायचे? सुट्टी सक्तीची, बसायची जागा मात्र ऐच्छिक. तो फाटकाबाहेर जातो.

दुपारी साडेबारा ते दीडच्या दरम्यान वागळेच्या कुठल्याही आतल्या रस्त्यावर हे दिसते. टपरीपुढच्या बाकड्यावर जागा नसते म्हणून गटाराच्या कठड्यावर वर्तमानपत्र अंथरून डबे उघडलेले असतात. हाताला ऑइल लागलेले, म्हणून एकजण दुसऱ्याच्या हातावर बाटलीतले पाणी ओततो. माल भरायला आलेला टेम्पो मागे येत असतो, क्लीनर पाठीमागून ओरडत पत्र्यावर थापा मारतो, आणि जेवणारे पाय आवरून घेतात. फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या वहीत बाहेर गेल्याची वेळ लिहिलेली असते. कोणाचा पाय त्या टेम्पोखाली गेला, तर ती वही पहिल्यांदा उघडली जाईल आणि मालकाच्याच बाजूने वाचली जाईल: हा माणूस त्या वेळी बाहेर होता.

कायद्याची आजची चाल ढोबळपणे अशी आहे. आवाराच्या आत, नेमून दिलेल्या सुट्टीत, जेवणे, पाणी पिणे, संडासला जाणे ही कामाचीच आनुषंगिक अंगे धरली जातात. माणूस यंत्र नाही, तो मध्ये खाणार-पिणार हे नोकरीत गृहीत आहे. आवाराबाहेर स्वतःच्या कामाला गेला की धागा सैल होतो. पण कँटीन नाही, खोली नाही, आत खायला बंदी आहे, म्हणून बाहेर बसलेल्या माणसाला ‘स्वतःच्या कामाला गेलेला’ कसे म्हणायचे? त्याला बाहेर धाडले ते त्याच्या मालकाच्या सोयीने. १९०४ च्या गवंड्याला भिंतीखाली जागा तरी मालकाने दिली होती.

वेळेच्या बाबतीतही कोर्टे कधी कधी फार काटेकोर होतात. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये एक कामगार चहाच्या सुट्टीत विडी-सिगारेटसाठी राखलेल्या खोलीबाहेर आपली पाळी येण्याची वाट पाहत बसला. खोली भरलेली होती. दहा मिनिटांची सुट्टी संपून पाच मिनिटे झाली होती तेव्हा फोर्कलिफ्ट त्याच्यावर येऊन धडकली. कारखान्याच्या आत, मालकाच्या गाडीखाली. तरी त्याचा दावा फेटाळला गेला, कारण ती पाच मिनिटे त्याची स्वतःची होती. जर्मनीत आणखी वेगळे टोक आहे. तिथे कँटीनकडे जायची-यायची वाट विम्यात बसते. कँटीनच्या दारातून आत गेले की जेवण ही खासगी बाब, विमा दाराशी थांबतो. सुपाने तोंड भाजले तर नाही, जिन्यावर पाय घसरला तर होय.

भारतात २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सुट्टीतल्या अपघाताबद्दल दिलेला निकाल यापेक्षा कितीतरी जमिनीवरचा आहे. इंदूर-बऱ्हाणपूर मार्गावरच्या खासगी बसचा चालक. रात्री बस पोचली की सकाळी तीच बस घेऊन परत निघायचे, म्हणून तो बसमध्येच राही. त्या रात्री तो बसच्या टपावर बसून जेवला आणि उतरताना पडून मेला. उच्च न्यायालय म्हणाले, गाडी उभी होती, तो जेवत होता, कामाचा संबंध नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या मागे राहिलेल्या लीलाबाईंच्या बाजूने निकाल दिला. चालक बसपाशी थांबला तो हौसेने नव्हे. मालकाची बस सकाळी वेळेवर निघावी म्हणून त्याला तिथेच राहावे लागत होते. जेवायची वेळ होती म्हणून नोकरीचे नाते सुटत नाही. त्याआधी २०१२ मध्ये, शेकडो किलोमीटर ट्रक हाकून थकलेला चालक अस्वस्थ वाटले म्हणून रस्त्याकडेच्या हॉटेलपाशी थांबला आणि तिथेच गेला, त्याच्या वारसालाही भरपाई मिळाली होती. भिवंडीच्या गोदामांपुढे रात्रभर रांगेत उभ्या ट्रकांखाली, सावलीला म्हणून चाकांच्या मध्ये झोपणाऱ्या चालक-क्लीनरांना हे दोन्ही निकाल माहीत असायला हवेत.

दरम्यान कामगार विमा योजना आली होती. कायदा १९४८ चा; वागळे इस्टेटच्या आणि उल्हासनगरच्या कामगार रुग्णालयांच्या पायऱ्या ठाणे जिल्ह्यातल्या दोन पिढ्यांनी झिजवल्या. दहा किंवा अधिक कामगारांचा कारखाना आणि ठराविक मर्यादेपर्यंत पगार, २०१७ पासून ही मर्यादा २१,००० रुपये, असेल तर जबाबदारी मालकाच्या खिशातून विमा महामंडळाकडे जाते आणि कामगाराला दोन्हीकडे दावा करता येत नाही. सुट्टीपेक्षा येण्याजाण्याचा प्रश्न इथे जास्त तापला. केरळातल्या कोरट्टीच्या कारखान्यातला एक कामगार १९७१ साली साडेचारच्या पाळीला सायकलवर निघाला. सव्वाचारला, कारखाना एक किलोमीटरवर असताना, लॉरीने त्याला उडवले, आणि ती लॉरी त्याच्याच मालकाची होती. पंचवीस वर्षांनी, १९९६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही कामावरची इजा नव्हे. हा निकाल कामगारांच्या जिव्हारी लागला. २०१० साली संसदेने विमा कायद्यात नवे कलम घातले: घरातून कामावर आणि कामावरून घरी जातानाचा अपघात, वेळ-जागा-परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल, तर कामाच्या ओघातला धरावा.

डोंबिवली-कल्याणच्या माणसासाठी या कलमाचे मोल वेगळे सांगायला नको. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्रा स्थानकाजवळ दोन लोकल शेजारून जाताना दारातले प्रवासी रुळांवर पडले आणि त्या दिवशी चौघांचा जीव गेला. अशा अपघातात रेल्वे कायद्याखाली मृत्यूसाठी आठ लाखांचा दावा करता येतो हे पुष्कळांना ठाऊक आहे. पण मृत माणूस विमा योजनेतला असेल आणि कामावर निघालेला असेल, तर मागे राहिलेल्यांच्या पेन्शनचाही प्रश्न उभा राहतो, हे घरच्यांना कोणी सांगतेच असे नाही.

विमा योजनेबाहेरच्या कामगारांना मात्र २०१० चे कलम लागू नव्हते. ते दार दैवशालाबाईंनी उघडले. त्यांचा नवरा धाराशिव जिल्ह्यातला, साखर कारखान्यावर पहारेकरी. पहाटे तीनची पाळी. २२ एप्रिल २००३ ला मोटरसायकलवरून जाताना कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. आयुक्तांनी २००९ मध्ये ३,२६,१४० रुपये आणि व्याज मंजूर केले. उच्च न्यायालयाने दोन वर्षांनी ते रद्द केले, कारखान्याच्या हद्दीबाहेर घडले म्हणून. २९ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने आयुक्तांचा निकाल पुन्हा उभा केला: दोन्ही कायदे एकाच हेतूचे आहेत, त्यामुळे येण्याजाण्याबद्दलचा तोच अर्थ १९२३ च्या कायद्यातही वाचायचा, आणि तो जुन्या अपघातांनाही लागू धरायचा. बावीस वर्षे लागली.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीने या काळात दोन मोठे स्फोट पाहिले. २६ मे २०१६ ला दुपारच्या आधी, आणि २३ मे २०२४ ला दुपारी पावणेदोनच्या सुमारास, म्हणजे ऐन जेवणाच्या वेळेला. दोन्ही वेळा इजा एका कारखान्यापुरती राहिली नाही. शेजारच्या कारखान्यांतली माणसे, रस्त्यावरची माणसे, घरांतली माणसे भाजली, काचांनी कापली गेली. अशा प्रसंगी बाहेरच्या नागरिकांसाठी १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आहे. पण जेवायला बाहेर पडलेला, शेजारच्या कंपनीचा कंत्राटी कामगार? त्याला विचारले जाणार, नोंद कोणत्या कंत्राटदाराकडे, हजेरी कोणत्या वहीत, आणि स्फोटाच्या वेळी आत की बाहेर. कंत्राटदार पळाला तर मूळ मालकाकडून भरपाई वसूल करायची तरतूद १९२३ च्या कायद्यातही होती. ती वापरायला दोन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो, आणि त्यासाठी आधी कोणीतरी ती तरतूद आहे असे सांगावे लागते.

मोठ्या कारखान्यांतली कँटीने एकेक करून बंद झाली आहेत. नॅशनल रेयॉन आणि ठाण्याची रेमंड, दोन्ही २००९ मध्ये थांबल्या. काम छोट्या गाळ्यांत आणि कंत्राटदारांकडे गेले, आणि जेवायची जागा रस्त्यावर आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. सामाजिक सुरक्षा संहितेने येण्याजाण्याचा अपघात मालकाच्या जबाबदारीत स्पष्ट शब्दांत घेतला. सुट्टीतल्या अपघाताबद्दल असे वेगळे वाक्य नाही. तिथे जुन्याच दोन कसोट्या आणि जुनेच निकाल. सुरक्षाविषयक संहितेने कँटीनसाठी कामगारसंख्येची अट अडीचशेवरून शंभरवर आणि जेवणाच्या खोलीसाठी दीडशेवरून पन्नासवर आणली आहे. वागळेतल्या तीस माणसांच्या गाळ्याला यातले काहीच लागू होत नाही. ती अट वीसवर आणायला हवी, किंवा चार-सहा गाळ्यांनी मिळून एक खोली बांधावी अशी सक्ती औद्योगिक विकास महामंडळाने करायला हवी. भूखंडांचे वाटप करणारे तेच आहेत, रस्त्यांची आखणी करणारेही तेच.

आणि आता ठाण्याच्या कॅडबरी जंक्शनला, कल्याणच्या शिवाजी चौकात, डोंबिवलीच्या फडके रोडवर दुचाकीला टेकून उभे असलेले डिलिव्हरीवाले आहेत. त्यांना भोंगा नाही, फाटक नाही, वही नाही; दोन ऑर्डरींच्या मधला वेळ एवढीच सुट्टी. सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांना वेगळे नाव दिले आहे, पण ‘कर्मचारी’ म्हटलेले नाही, त्यामुळे मालकाच्या भरपाईचे कलम त्यांना लागू होत नाही. त्यांच्यासाठी सरकारने अपघात विम्याची योजना आखायची आहे आणि कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के त्यात भरायचे आहेत. ऑर्डर पोचवून परत येताना, पुढची ऑर्डर यायच्या आधी झालेला अपघात त्या योजनेत बसेल की नाही, हे योजनेच्या नियमांतच ठरेल.